जयपूरची रात्र : ठिकाणाआधी सोबत ठरवा

जयपूर : हिवाळ्यात महाराष्ट्रातून जयपूरला येणाऱ्या पर्यटकाचा दिवस ठरलेला असतो. सकाळी आमेरचा किल्ला, दुपारी जंतरमंतर आणि सिटी पॅलेस, मग बापू बाजारात मोजड्या आणि बांधणी. सायंकाळी साडेपाचच्या सुमारास बहुतेक वास्तूंचे दरवाजे बंद होतात. आठ-साडेआठला जुन्या शहरातील दुकानांच्या फळ्या पडू लागतात आणि हॉटेलच्या खोलीत बसून आता पुढे काय, असा प्रश्न पडतो. मोबाइलवर शोध घेतला की 'सर्वोत्तम दहा' अशी यादी समोर येते. राजेशाही मद्यालय, विद्यार्थ्यांचा डिस्को आणि कुटुंबाचे जेवणघर त्या यादीत एकाच रांगेत असतात. यादीतील पहिले नाव निवडून गेलेल्या अनेकांची संध्याकाळ फसते. दोष ठिकाणाचा नसतो. वीस वर्षांनी भेटलेले चार वर्गमित्र कानठळ्या बसविणाऱ्या संगीतात जाऊन बसतात, किंवा वृद्ध आईवडिलांसह आलेले कुटुंब रात्री दहानंतर रंगणाऱ्या छतावर सात वाजता पोहोचते आणि रिकाम्या खुर्च्यांकडे पाहत राहते.

निवड करताना ठिकाण किती प्रसिद्ध आहे याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. सोबत कोण आहे, बोलायचे आहे की बोलण्यापासून सुटका हवी आहे, आणि परतायचे कसे आहे. तिसरा प्रश्न सहसा शेवटी विचारला जातो आणि सर्वाधिक त्रास तोच देतो.

बोलण्याचा मुद्दा वरकरणी क्षुल्लक वाटतो, पण त्यामागे शरीरशास्त्र आहे. दोन माणसांचे साधे संभाषण साधारण ६० डेसिबलच्या पातळीवर चालते. परिसरातील आवाज वाढला की माणूस नकळत स्वतःचा आवाज चढवतो. फ्रेंच वैद्य एतियेन लोम्बार यांनी १९११मध्ये या प्रवृत्तीची नोंद केली आणि ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. एका टेबलावरील मंडळी आवाज चढवतात, म्हणून शेजारचे टेबल चढवते, मग संगीत वाजविणारा आपला आवाज वाढवतो. तासाभरात खोलीतील प्रत्येकजण ओरडत असतो आणि कोणालाच काही ऐकू येत नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२मध्ये मनोरंजनस्थळांसाठी मानके जाहीर केली, त्यांत सरासरी १०० डेसिबल ही वरची मर्यादा सांगितली आहे. गप्पा मारायला निघालेल्यांनी म्हणूनच डीजे असलेली जागा टाळावी. गप्पांचे विषय संपलेल्या गटाला मात्र तीच जागा सोयीची असते, हेही खरे.

जयपूरमध्ये बोलण्यासाठी जागा शोधणाऱ्याला पहिले नाव सुचवावे ते जवाहर कला केंद्राचे. जवाहरलाल नेहरू मार्गावरील ही वास्तू चार्ल्स कोरिया यांनी रचली. सवाई जयसिंह दुसरे यांनी १७२७मध्ये वसविलेल्या या शहराची आखणी नऊ चौकड्यांच्या कल्पनेवर झाली होती आणि कोरियांनी तीच नऊ चौकोनांची कल्पना केंद्राच्या आराखड्यात आणली. मूळ शहरात डोंगर आड आल्यामुळे एक चौकोन सरकवावा लागला, म्हणून केंद्राचाही एक चौकोन मुद्दाम कलता ठेवला आहे. येथील कॉफी हाउसात नाटकवाले, चित्रकार, विद्यार्थी आणि निवृत्त सरकारी अधिकारी एकाच वेळी बसलेले दिसतात. एका कॉफीवर दोन तास बसले तरी कोणी उठवत नाही. शेजारच्या रंगायन सभागृहात नाटक वा गायन असेल, तर संध्याकाळचा उत्तरार्धही तेथेच पार पडतो.

मिर्झा इस्माईल मार्गावरील, म्हणजे स्थानिकांच्या भाषेत एमआय रोडवरील, एका बोळात इंडियन कॉफी हाउस आहे. थाट जुना आणि दर माफक. सी-स्कीममधील सेंट्रल पार्कसमोर 'टपरी' नावाचे चहाघर आहे. मराठी माणसाला टपरी म्हणजे पत्र्याचा आडोसा आणि काचेचे पेले आठवतात. येथील टपरी मात्र इमारतीच्या गच्चीवर असून, चहाचे प्रकार मोजता मोजता चहा थंड व्हावा अशी स्थिती आहे. तरुण मंडळी येथे मद्याशिवाय उशिरापर्यंत बसतात. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रे ओल्डेनबर्ग यांनी १९८९मध्ये घर आणि कार्यालय यांच्यापलीकडील 'तिसऱ्या जागे'ची कल्पना मांडली. नियमित येणारे लोक, स्वस्त खाणे-पिणे आणि गप्पा हाच मुख्य उद्योग, ही त्यांनी सांगितलेली लक्षणे या ठिकाणांना बऱ्याच अंशी लागू पडतात.

कुटुंबासह आलेल्यांचे गणित निराळे असते. एका गटात सहा वर्षांचा नातू आणि पंचाहत्तरीच्या आजी असतात आणि दोघांची सहनशक्ती साधारण एकाच वेळी संपते. अशांसाठी रामनिवास बागेतील मसाला चौक उपयोगी पडतो. २०१८मध्ये सुरू झालेल्या या खुल्या आवारात शहरातील नामांकित खाद्यविक्रेत्यांचे वीसेक गाळे एकत्र आणले आहेत. कचोरी, चाट, कुल्फी, डोसा असे ज्याला जे हवे ते घेऊन सर्वांना एकाच टेबलावर बसता येते. कोणाला काय आवडेल यावरून होणारी कौटुंबिक चर्चा त्यामुळे टळते. बाजूलाच अल्बर्ट हॉल आहे. १८७६मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या भेटीवेळी त्याची कोनशिला बसविण्यात आली आणि सॅम्युअल स्विंटन जेकब यांच्या देखरेखीखाली उभी राहिलेली ही इमारत १८८७मध्ये संग्रहालय म्हणून खुली झाली. रात्रीच्या रोषणाईत तिच्यासमोर पारव्यांऐवजी छायाचित्रे काढणाऱ्यांची गर्दी असते.

टोंक रोडवरील चोखी ढाणी शहराच्या मध्यापासून सुमारे वीस किलोमीटर दूर आहे. राजस्थानी खेड्याचा देखावा, कठपुतळ्या, कालबेलिया नृत्य, उंटाची सवारी आणि आग्रहाने वाढलेले दाल-बाटी-चूरमा असा तेथील बेत असतो. हे खरे खेडे नव्हे आणि तसा कोणाचा समजही नसतो. मुलांना मात्र ते मनापासून आवडते. सुटीच्या हंगामात गर्दी मोठी होते. सातच्या आत पोहोचलेल्यांना नाच-खेळ पाहून जेवता येते, नऊला पोहोचणाऱ्यांचा वेळ रांगेतच जातो.

कुटुंबाच्या संध्याकाळीसाठी जयपूरचे खरे वैशिष्ट्य असलेले ठिकाण अनेक मराठी पर्यटक बाहेरूनच पाहून परततात. ते म्हणजे भगवानदास रोडवरील राजमंदिर चित्रपटगृह. त्याची रचना डब्ल्यू. एम. नामजोशी यांची. मुंबई सेंट्रलचे मराठा मंदिर रचणारे हेच नामजोशी, आणि मरीन लाइन्सजवळील 'लिबर्टी'च्या अंतर्सजावटीतही त्यांचा हात होता. राजमंदिरची पायाभरणी १९६६मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री मोहनलाल सुखाडिया यांच्या हस्ते झाली आणि १ जून १९७६ रोजी 'चरस' या चित्रपटाने पडदा उघडला. बांधकामाला दहा वर्षे का लागली, याचे उत्तर आत शिरल्यावर मिळते. लाटांसारखे वळत गेलेले छत, झुंबरे, प्रशस्त दालनातील वळणदार जिना, दर्शनी भागावर नवरत्नांचे प्रतीक म्हणून कोरलेले नऊ तारे. सुमारे तेराशे प्रेक्षक बसू शकतील अशा या गृहातील आसनांच्या श्रेणींना मोती, माणिक, पाचू आणि हिरा अशा अर्थाची इंग्रजी नावे आहेत. जवाहिऱ्यांच्या शहराला ते शोभतेच.

येथे चित्रपट कोणता लागला आहे याला फार महत्त्व नाही. नायकाच्या प्रवेशाला शिट्ट्या पडतात, गाण्यावर टाळ्यांचा ठेका धरला जातो. ज्यांना लोकांत असावेसे वाटते पण कोणाशी बोलावेसे वाटत नाही, अशा मनःस्थितीसाठी जुन्या एकपडदा चित्रपटगृहाइतकी सोयीची जागा नाही. शेकडो माणसांसोबत हसता येते आणि कोणालाही स्वतःची ओळख करून द्यावी लागत नाही. बहुपडदा संकुलांच्या काळात अशी गृहे देशभर बंद पडत असताना राजमंदिर चालू आहे, ही बाब जयपूरकर अभिमानाने सांगतात. शहराला ही सवय जुनी आहे. सवाई रामसिंह दुसरे यांनी १८७०च्या दशकात शहरात गॅसचे दिवे आणले आणि त्याच दशकाच्या अखेरीस पारशी नाटकांसाठी रामप्रकाश नाट्यगृह उभारले. वेशी बंद होताच झोपी जाणाऱ्या नगरात रात्री घराबाहेर पडण्याचे एक प्रतिष्ठित कारण त्यामुळे निर्माण झाले.

काही संध्याकाळी ठेवणीतील कपडे घालून बाहेर पडण्याच्या असतात. लग्नाचा वाढदिवस, बढती, किंवा नुसतीच हौस. रामबाग पॅलेसमधील पोलो बार हे त्यासाठीचे प्रसिद्ध ठिकाण. महाराजा सवाई मानसिंह दुसरे यांचे हे निवासस्थान १९५७मध्ये हॉटेल झाले. मानसिंह जागतिक दर्जाचे पोलोपटू होते, त्याच वर्षी त्यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघाने फ्रान्समध्ये जगज्जेतेपद मिळविले आणि १९७०मध्ये इंग्लंडमध्ये पोलो खेळतानाच त्यांचा मृत्यू झाला. बारच्या भिंतींवरील छायाचित्रे आणि चषक हा इतिहास सांगतात. येथे आवाज खालच्या पट्टीत ठेवण्याची रीत आहे आणि पेयाची किंमत वरच्या पट्टीत. हॉटेलात न उतरलेल्यांनी आधी दूरध्वनी करून जागा राखून ठेवणे आणि पोशाखाचे नियम विचारून घेणे इष्ट. चपला आणि बर्म्युडा घालून दारापर्यंत गेल्यावर होणारा अवमान टाळता येतो.

नारायण निवास पॅलेसच्या आवारातील बार पॅलाडिओ त्यापेक्षा हलकाफुलका आहे. इटालियन मालकीण आणि डच सजावटकार यांनी मिळून रंगविलेल्या निळ्या भिंती समाजमाध्यमांमुळे जगभर पोहोचल्या आहेत. हिवाळ्यात बागेत शामियाने आणि शेकोट्या असतात. नवविवाहित जोडपी आणि परदेशी पर्यटक येथे अधिक दिसतात. ज्या वाड्यात हे चालते तो १९२८मध्ये कानोत्याचे अमरसिंह यांनी बांधला. अमरसिंहांनी १८९८पासून १९४२पर्यंत, म्हणजे चव्वेचाळीस वर्षे, रोज इंग्रजीत दैनंदिनी लिहिली. तिचे ८९ खंड आहेत. राजेरजवाड्यांच्या मेजवान्यांतील कंटाळाही त्या दैनंदिनीत सापडतो. निळ्या भिंतींसमोर छायाचित्रे काढणाऱ्यांपैकी फार थोड्यांना याची कल्पना असते.

सूर्यास्त पाहत बसण्याची मनःस्थिती असेल तर नाहरगडाचे नाव निघतेच. १७३४मध्ये बांधलेल्या या गडावरून संपूर्ण शहर दिवे लागताना दिसते. 'रंग दे बसंती' या २००६च्या चित्रपटातील मित्रांचे दृश्य येथलेच, आणि तेव्हापासून तरुणांच्या यादीतून गड कधी उतरला नाही. पर्यटन महामंडळाचे 'पडाव' हे साधे उपाहारगृह दृश्यासाठी प्रसिद्ध आहे. गडाच्या भोवती मात्र अभयारण्य आहे. २०२१मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने गडावरील व्यावसायिक व्यवहार थांबविण्याचा आदेश दिला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. रात्रीचे दिवे, वाहने आणि ध्वनिक्षेपक यांचा वन्यजीवांना होणारा त्रास हा त्या वादाचा गाभा आहे. पर्यटकाने त्यातून एवढे घ्यावे की येथील वेळा आणि परवानग्या बदलू शकतात, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी. गडाचा रस्ता वळणावळणांचा आणि अंधारा आहे. भाड्याच्या दुचाकीवरून, त्यातही मद्यपान करून, तो उतरणे म्हणजे निव्वळ अविचार. पावसाळ्यात तटबंदीवर आणि बुरुजांवर थांबण्याचाही धोका आहे. ११ जुलै २०२१ रोजी आमेरजवळील टेहळणी बुरुजावर वीज कोसळून किमान ११ जणांचा मृत्यू झाला होता. त्यांपैकी अनेकजण पावसाची मजा घेण्यासाठी आणि छायाचित्रे काढण्यासाठी वर चढले होते.

नाचायला निघालेल्यांसाठी सी-स्कीम, अहिंसा सर्कल आणि मालवीय नगर हे भाग आहेत. येथील क्लबांची नावे वारंवार बदलतात, त्यामुळे नावापेक्षा रचना पाहून निवड करावी. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजविण्यास मनाई आहे. सणासुदीसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. निवासी भागात रात्रीची ध्वनिमर्यादा ४५ डेसिबल, म्हणजे सामान्य संभाषणाहूनही कमी आहे. गच्चीवरील ठिकाणांचे वेळापत्रक या नियमाने ठरते. दहापर्यंत गच्ची, त्यानंतर ध्वनिरोधक बंद दालन असा क्रम ठेवणाऱ्यांची निराशा होत नाही. अकराला गच्चीवर पोहोचून संगीत का नाही म्हणून वेटरशी वाद घालणारा गट जवळपास प्रत्येक शनिवारी दिसतो. ध्वनिक्षेपकाच्या खाली कोणाचे तरी घर असते आणि त्या घरात परीक्षेचा विद्यार्थी किंवा आजारी माणूस असू शकतो, ही गोष्ट वाद घालताना कोणाच्या ध्यानात येत नाही.

गर्दीच्या बंद जागेत शिरताना बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग कोठे आहे, हे पाहून ठेवावे. मुंबईत २९ डिसेंबर २०१७च्या मध्यरात्रीनंतर कमला मिलमधील गच्चीवरील दोन पबना आग लागून १४ जणांचा बळी गेला, त्याचे स्मरण महाराष्ट्रातील वाचकांना करून देण्याची गरज नाही. तेथील चौकशीत हुक्क्याच्या निखाऱ्यांचा उल्लेख झाला आणि २०१८मध्ये महाराष्ट्राने हुक्का पार्लरवर बंदी आणली. राजस्थान विधानसभेनेही २०१९मध्ये तसे विधेयक मंजूर केले. त्यामुळे जयपूरमध्ये कोणी हुक्क्याचे आमिष दाखवीत असेल, तर ते ठिकाण इतर नियमही पाळत नसण्याची शक्यता धरून चालावे.

मद्यविषयक नियम राज्यागणिक वेगळे आहेत. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी २१, तर अन्य मद्यासाठी २५ वर्षे ही वयोमर्यादा आहे. राजस्थानात ती १८ आहे. मद्यविक्रीची दुकाने रात्री आठला बंद करण्याचा नियम राजस्थानात २००८मध्ये लागू झाला, परवाना असलेले बार त्यानंतरही चालू असतात. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे दिवस देशभर कोरडे असतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात. राज्य कोणतेही असो, हा नियम तोच. बिलाबाबतही एक गोष्ट लक्षात ठेवावी. सेवाशुल्क ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२च्या या मार्गदर्शक सूचना दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५मध्ये उचलून धरल्या. ते वगळण्यास नकार मिळाल्यास १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. प्रवेशशुल्क आकारले जात असेल, तर त्यातील किती रक्कम खाण्यापिण्यात वळती होते हे दारातच विचारावे. एकट्या पुरुषांना अनेक क्लब प्रवेश नाकारतात. चार मित्रांनी मुंबई-पुण्याहून येऊन दारातून परत फिरण्यापेक्षा आधी विचारलेले बरे.

स्त्रियांच्या गटाने किंवा एकट्या स्त्रीने ठिकाण निवडताना आतल्या सजावटीइतकेच बाहेरच्या रस्त्याकडे पाहावे. रस्ता उजेडाचा आहे का, वाहन थेट दारापर्यंत येते का, आजूबाजूला दुकाने उघडी असतात का. मोठ्या हॉटेलांच्या आवारातील ठिकाणे महाग असली तरी या कसोटीवर उतरतात. ११२ हा आपत्कालीन क्रमांक येथेही चालतो. ही खबरदारी स्त्रियांनाच का घ्यावी लागते हा प्रश्न रास्त आहे आणि तो एकट्या जयपूरपुरता नाही.

एकटे राहावेसे वाटणे हीदेखील एक मनःस्थितीच. अशा वेळी गोविंददेवजींच्या मंदिरातील दिवसभराच्या सात झाँक्यांपैकी शेवटची, शयनाची झाँकी गाठावी. शहरातील वृद्ध, दुकाने बंद करून आलेले व्यापारी आणि महाविद्यालयीन मुलेही तेथे नेमाने येतात. जलमहालासमोरील पाळीवर मक्याचे कणीस खात पाण्यातील प्रतिबिंब पाहता येते. दुकाने मिटल्यानंतरचा हवामहलही पाहण्याजोगा असतो. दिवसा वाहने आणि विक्रेते यांच्यामध्ये हरवलेला १७९९चा तो दर्शनी भाग रात्री प्रथमच पूर्ण दिसतो. जुन्या शहराला २०१९मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले ते त्याच्या आखणीमुळे, आणि सरळ रुंद रस्त्यांची ती आखणी रिकाम्या बाजारातच नीट कळते.

परतीचा प्रश्न उरतो. जयपूर मेट्रो २०१५मध्ये मानसरोवर ते चांदपोल आणि २०२०मध्ये बडी चौपडपर्यंत सुरू झाली, परंतु रात्री दहाच्या सुमारास तिची सेवा थांबते. त्यानंतर रिक्षा किंवा ॲपवरील टॅक्सी एवढेच पर्याय. चोखी ढाणी आणि नाहरगड येथून परतीचे वाहन ऐनवेळी मिळणे कठीण असते, म्हणून नेणारेच वाहन थांबवून ठेवावे. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान दहा अंशांच्या खाली जाते आणि उघड्या रिक्षात मुंबईकराची पातळ शाल पुरत नाही. क्लब मिटतात तेव्हा सिंधी कॅम्प बसस्थानकाभोवतालचे चहावाले जागे असतात आणि पहाटेच्या गाड्या पकडणाऱ्यांसाठी त्यांच्या शेगड्या पेटलेल्या असतात.